झोपू न देण्याची खोली

४ मार्च

टिटवे,

(हो, टिटवीच. पाळण्यात होतीस तेव्हापासून किंचाळतेस म्हणून पडलेलं नाव आहे ते. आता तोंडाला कुलूप लावून बसलीस म्हणून मी ते बदलणार नाही.)

पाकीट मिळालं. आत रिपोर्टची एक झेरॉक्स, बस्स. ना 'ताई', ना 'कशी आहेस', ना एखादी शिवी. पाकीट उलटं करून झटकलं, फुंकर मारून आत डोकावले. मग पाकिटावरच्या पत्त्यातलं तुझं अक्षरच वाचत बसले. 'क' अजून तसाच काढतेस, पोट सुटलेला.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतेस आणि ठेवून देतेस, ते इकडे मला दिसतं बरं का. म्हणून हे पत्र. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागेल.

आता कामाचं. प्रोलॅक्टिन एकशे बारा. पंचविसाच्या आत हवं. खाली तुमच्या डॉक्टरांनी पेनाने लिहिलंय, डोक्याचा एमआरआय करा. ते वाचून तू घाबरलीस, आणि घाबरलीस म्हणूनच एवढ्या महिन्यांनी बहीण आठवली, खरं ना? मी नाराज नाही. कशाने का होईना, आठवली ना. मीही घाबरले. इतकी वर्षं लोकांचं रक्त काढून हेच आकडे बघतेय, पण आकड्याच्या वर तुझं नाव बघायची मला सवय नाही.

नीट ऐक. डोक्यात, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून हे प्रोलॅक्टिन रक्तात उतरतं आणि अंगाला सांगतं, बाळ आलंय, दूध तयार करा. थोडंथोडं सगळ्यांच्याच रक्तात असतं. पुरुषांच्याही. परवा एका ट्रकवाल्याला हे समजावून सांगितलं, तर तो शर्टाची बटणं लावून उठायलाच लागला. पण बाळ नसताना ते असं वाढलं तर कारण शोधावं लागतं. त्या ग्रंथीवर बारीकशी गाठ असू शकते. तुमचे डॉक्टर तीच शोधतायत. असलीच तरी बहुतेक वेळा ती गोळ्यांनी आक्रसते, हे आधी डोक्यात घाल. शिवाय ते थायरॉइडने वाढतं. उलटीच्या, पित्ताच्या काही गोळ्यांनी वाढतं. आणि नुसत्या भीतीनेही वाढतं. सुई दिसली की चढलंच.

तेव्हा मला सांग, रक्त किती वाजता दिलंस? उठल्याउठल्या धावत गेलीस का? सुई एकदाच टोचली की शीर शोधत बसले? कुठल्या गोळ्या चालू आहेत? थायरॉइड तपासलं का? दिवस गेलेत का? वाक्यं लिहिणं जिवावर येत असेल तर नुसतं हो-नाही लिही, पण लिही.

कोपऱ्यातल्या डागाकडे बघू नकोस. चहा सांडला.

ताई


१९ मार्च

टिटवे,

"गोळ्या नाहीत. थायरॉइड ठीक. दिवस नाहीत. सकाळी सातला, उठून लगेच. तीनदा टोचलं. दूध अजून येतं."

एवढंसं कार्ड, पण मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आधी फ्रिजवर लावलं होतं. मग ते शेवटचे तीन शब्द येताजाता डोळ्यांत जायला लागले, म्हणून काढून कपाटात ठेवलं.

वर्ष उलटून गेलं, बाई. मला वाटत होतं ते केव्हाच आटलं असेल. आपोआप आटतं, असं नर्सने तेव्हा सांगितलं होतं. मी तिथेच होते, तुझ्या पायथ्याशी. तुझी लेक जेमतेम आठवडाभर राहिली, आणि ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा गाऊन पुढून भिजला. तू माझ्याकडे बघितलंस. मी घाईघाईने शाल ओढून घेतली, कारण माझाही भिजला होता. माझं पोरगं महिन्याचं होतं आणि त्याची भुकेची वेळ झाली होती. तू म्हणालीस, "ताई, तू जा इथून." मी गेले. मग तुमची बदली झाली, मग तू फोन उचलायचा बंद केलास.

पोराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. घे, लिहिलंच. मागच्या पत्रावरचा डागही चहाचा नव्हता. एवढं सांगून या विषयावर गप्प बसते.

आता तुझ्या रक्ताचं. अगं, ते असं धावतपळत द्यायचं नसतं! झोपेत हे प्रोलॅक्टिन चढतं, उठल्यावर दोन-तीन तासांनी खाली येतं. तू डोळे चोळत रांगेत उभी राहिलीस, वर त्या माणसाने तीनदा भोसकलं. तो आकडा तुझा किती आणि त्या सुईचा किती, कुणी सांगावं?

आमच्याकडे यासाठी एक वेगळी खोली आहे. दारावर 'विश्रांती कक्ष' लिहिलंय, पण आम्ही सगळे तिला झोपू न देण्याची खोली म्हणतो. माणसाला कॉटवर आडवं करायचं, बारीक सुई एकदाच लावून पट्टीने चिकटवून ठेवायची, आणि मग अर्धा तास काहीच करायचं नाही. टोचल्याची भीती उतरू द्यायची. नंतर त्याच सुईतून अलगद रक्त घ्यायचं, त्याला कळतही नाही. गंमत अशी की घाबरलं तरी आकडा चढतो आणि डोळा लागला तरी चढतो. म्हणजे माणूस शांत तर हवा, पण जागा हवा. त्यासाठी शेजारी स्टुलावर मी. बोलायचं अशा बेताने की समोरचा घाबरणार नाही आणि घोरणारही नाही. माझ्या बडबडीचा मला पगार मिळतो, टिटवे. आई असती तर पोट धरून हसली असती.

त्या खोलीला हिरवा पडदा आहे. खिडकीबाहेर पत्र्यावर पाण्याची उघडी टाकी आहे आणि ऊन पडलं की त्या पाण्याचा उजेड आत येऊन छतावर हलत राहतो. शेजारच्या खोलीत रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र बारीक आवाजात गुणगुणतं. पाच-दहा मिनिटं गेली की माणसं त्या हलत्या उजेडाकडे बघत आपणहून बोलायला लागतात. तो ट्रकवाला म्हणाला, एका वळणावर त्याला दर वेळी वाटतं की रस्त्याकडेला कुणीतरी त्याच्यासाठी जेवायचं थांबलंय. शाळेतल्या एका रिटायर्ड बाईंनी मला विचारलं, "मुलं बसली का गं आपापल्या जागेवर?" मी म्हटलं, बसली. त्यांना बरं वाटलं. मी फक्त हं, हं करते. अर्ध्या तासाने उठतात, चपला घालतात, आणि आपण काय बोललो ते कुणी विचारतही नाही.

तू इथे ये. एमआरआयच्या आधी एकदा नीट रक्त दे. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना मी विचारलंय, त्याही हेच म्हणाल्या. फक्त काउंटरवरच्या भोंग्याला घाबरू नकोस. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण तो पेशंटला हाक मारतो तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबतात. त्याच्यामुळेच निम्म्या गावाचं प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल.

ताई


२ एप्रिल

टिटवे,

जावईबुवांचा फोन आला होता. त्यांच्यावर डाफरू नकोस, बिचारे जिन्यात उभे राहून बोलत होते. तुला दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि तू त्या बेसिनमध्ये ओतून टाकल्यास म्हणे. एमआरआयची तारीखही पडलीय. तू झोपत नाहीस. खुर्चीत बसून असतेस. "ताई, त्या गाठीने माणूस असं वागतं का हो?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, गाठ आहे हे ठरलंय कुठे?

काल काय झालं सांगू? तो ट्रकवाला परत आला होता. त्याला आडवं केलं, सुई लावली, पडदा ओढला आणि बोलताबोलता माझाच डोळा लागला. त्या पाच मिनिटांत कॉटवर तू होतीस, लहान, शाळेच्या फ्रॉकमधली. पाय कॉटच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते. छतावरचं पाणी हळूहळू खाली येत होतं आणि तू म्हणत होतीस, मला तहान लागलीय, पण हे पाणी नको. मी ओंजळ पुढे केली आणि कानाशी आवाज आला, "मॅडम, मी जागा आहे. तुम्ही झोपलात." सगळी लॅब हसतेय कालपासून मला.

मला तू हवी आहेस. आईही नाही, आता तुला काही झालं तर मी काय करू? हे मी रागाने लिहितेय, तसंच वाच.

ये. मी रडणार नाही. काही विचारणार नाही. घरी दुसरं कुणीही नसेल. मी काय म्हणतेय ते तुला कळलंय.

ताई


१३ एप्रिल

टिटवे,

पोचल्याचा फोन जावईबुवांनी केला. तू केला नाहीस, ठीक आहे. इथे होतीस त्यातला बराचसा वेळ तू झोपेत होतीस. तेव्हा मागे काय काय घडलं ते तुला कळायला हवं.

भोंग्याने तुझं नाव पुकारलं तेव्हा मी नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. येतेय म्हणून कळवलंही नव्हतंस, त्यामुळे मला वाटलं, त्या नावाची दुसरी कुणी असेल. पडदा सरकला आणि तू. किती वाळलीयस गं! चपला काढून सरळ कॉटवर आडवी झालीस, बाही वर केलीस आणि म्हणालीस, "सहाला उठलेय. तीन तास झाले. तुझ्या नियमाने आलेय." मी तुला घट्ट मिठी मारायचं ठरवलं होतं. त्याऐवजी हातमोजे घातले.

एकदाच टोचलं. तुझी पापणीही हलली नाही. पट्टी लावली, पडदा ओढला, स्टुलावर बसले, आणि मला एक शब्द सुचेना. मला! ट्रकवाल्याचं वळण सांगितलं, भोंग्याची नक्कल करून दाखवली. तू छताकडे बघत होतीस. ऊन चांगलं होतं त्या दिवशी, पाणी सगळ्या छतभर पसरलं होतं. मग तू आपणहून बोललीस. तुला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही.

"ताई, मी काढते."

"काय काढतेस?"

"दूध. रोज. अंघोळीच्या वेळी, हाताने. फार नसतं."

"दुखतं म्हणून?"

"नाही. थांबू नये म्हणून. ते थांबलं तर ती होती याचं माझ्या अंगावर काहीच उरणार नाही गं."

तू हे अगदी साधेपणाने सांगितलंस, दुधाचा हिशोब दूधवाल्याला सांगावा तसं. टिटवे, त्या कॉटवर पडणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न तोच विचारते. बाळ अंगावर पितं का? छाती दाबली जाते का, दूध काढता का? कारण काढत राहिलं की ग्रंथीला वाटतं, कुणीतरी पितंय, आणि ती प्रोलॅक्टिन सोडत राहते. शिकाऊ पोरीसुद्धा हा प्रश्न विसरत नाहीत. मी तुला ढीगभर प्रश्न विचारले आणि नेमका हा गाळला. कुठल्या तोंडाने विचारणार होते मी तुला, बाळ पितं का म्हणून? तुला लागेल म्हणून गाळला, आणि त्यापायी तू दीड महिना गाठीच्या धाकात काढलास.

"त्या दिवशी रक्त द्यायला जायच्या आधीही काढलं होतंस?" मी विचारलं. तू हं म्हणालीस. ते हं लांबलं आणि तिथेच तुझा श्वास जड झाला. झोपलीस.

आता नियमाप्रमाणे मी तुला उठवायला हवं होतं. मी खांद्यावर हातही ठेवला. पण तोंड उघडं टाकून, एक हात उशीखाली घालून, लहानपणी झोपायचीस तशी झोपली होतीस. तू रात्ररात्र झोपत नाहीस असं जावईबुवा म्हणाले होते, ते आठवलं आणि माझा हात काही हलेना. सुई हळूच काढली, कापूस दाबून धरला. सॅम्पल गेलं तर गेलं.

बाहेरून भोंगा ओरडला, "ताई, पुढचा पेशंट!" मी पडद्यातून बोट ओठांवर ठेवलं. त्याने आत डोकावलं आणि मग जन्मात पहिल्यांदा तो कुजबुजला. मग मॅडम आल्या.

"सॅम्पल?"

"झोपली."

"मग उठवा की."

"नाही उठवणार."

मॅडमशी मी असं कधी बोललेली नाही. त्यांनी वाकून तुझा चेहरा बघितला. मग म्हणाल्या, "पुढच्यांना माझ्या केबिनमधल्या बाकावर घ्या," आणि दार लोटून गेल्या.

दुपार होईपर्यंत झोपलीस. मी मधून मधून जाऊन माझी कामं करून येत होते, पण बहुतेक वेळ स्टुलावरच होते. छतावरचं पाणी भिंतीवर उतरलं, भिंतीवरून तुझ्या गुडघ्यावर आलं. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. पलीकडे आई कात्रीने कापड कापतेय असं किती तरी वेळ वाटत होतं, कर्रकर्र, मधे थांबून पुन्हा कर्रकर्र. आणि आपण दोघी आजारी म्हणून शाळेला दांडी मारून पडलोय. बाहेर गेले तर मॅडम चिकटपट्टीचे तुकडे कापत होत्या.

तू उठलीस आणि घड्याळ बघून जी किंचाळलीस! "उठवलं का नाहीस? नियम काय फक्त लोकांना सांगायला असतात?" मला इतका आनंद झाला की काय सांगू. वर्षभरात पहिल्यांदा तू माझ्यावर ओरडलीस.

दुसऱ्या दिवशीचं तुला माहीत आहे. सकाळी काढलं नाहीस, नीट पडून राहिलीस, जागी राहिलीस. शेहेचाळीस आलं. एकशे बारापेक्षा पुष्कळ कमी, पण अजून जास्तच. मॅडम तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. दोघांचं ठरलं ते असं, की दोन महिने दूध अजिबात काढायचं नाही आणि मग पुन्हा तपासायचं. उतरलं तर एमआरआय नको. नाही उतरलं तर मग टाळाटाळ न करता करायचा. मधे डोकं फार दुखलं किंवा नजरेत काही फरक वाटला तर थांबायचं नाही, लगेच जायचं. हे शेवटचं दोनदा वाच.

म्हणजे सगळं येऊन त्या एका गोष्टीवर अडलंय. तू थांबलीस तरच कळेल. मॅडमनी तुला सांगितलंय, डॉक्टर सांगतील, जावईबुवा हात जोडतील. मी सांगणार नाही. ते थांबव असं तुला सांगायची माझ्यात हिंमत नाही, आणि थांबवू नकोस असं सांगायचीही नाही.

आणखी एक. घरी तू हॉलमधल्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होतीस. तिथे त्याचा फोटो असतो. मी काढून ठेवला होता.

ताई


९ मे

टिटवे,

कार्ड मिळालं.

"बंद केलंय. दुखतंय. पुढच्या वेळी घर एवढं आवरू नकोस."

मी लॅबच्या जिन्यात बसून वाचलं. तिथून येणाराजाणारा प्रत्येकजण मला काय झालं विचारत होता आणि मी कांदा चिरत होते असं सांगत होते. लॅबमध्ये! काय तोंडाला येईल ते.

आधी दुखण्याचं. गार पाण्याने भिजवलेलं फडकं ठेव. अंघोळीचं गरम पाणी छातीवर घेऊ नकोस. आवळून बांधू नकोस. आणि बंद झालं का ते बघायलाही दाबू नकोस, मी तुला ओळखते. लाली आली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता दुसरं. हे मी तुझ्यापुढे कधी बोलले नाही, कारण तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं, तिचा विषय काढायचा नाही, तिला विसरू द्या. मी शहाण्यासारखी गप्प बसले. पण तू त्या कॉटवर जे म्हणालीस ते चूक आहे, टिटवे. काहीच उरणार नाही असं कसं? मी तिला पाहिलंय. तुला ग्लानी होती तेव्हा त्या काचेच्या पेटीपाशी मी उभी होते, नर्सने मला आत हात घालू दिला होता. तिच्या कानांवर मऊ काळी लव होती. डाव्या पायाचा अंगठा जरा वर वळलेला, तो आईचा. माझं बोट तिने धरलं आणि मी काढून घ्यायला लागले तर रडली. एवढ्याशा जिवाचा काय आवाज तो! नर्स म्हणाली, ही कुणावर गेलीय हो? मी म्हटलं, टिटवीची टिटवी आहे ही, दुसरं काय होणार.

हे सगळं माझ्यापाशी आहे. माझं दूध तर केव्हाच बंद झालं, तरी हे आहे. तुला पाहिजे तेव्हा माग. कितीही वेळा सांगेन.

आणि तू घराबद्दल लिहिलंस म्हणून माझ्या पोराचं सांगते. त्याला आम्ही ठोंब्या म्हणतो. चालताना दोन्ही हात वर धरतो, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखा. कागद खातो. या पत्राचा खालचा कोपरा त्यानेच खाल्लाय, आणि या वेळी मी चहा सांडला म्हणणार नाही.

ताई


२७ जून

टिटवे,

तू तुमच्याकडच्या सेंटरवर रक्त दिलंस आणि आमच्याच लॅबला पाठवायला सांगितलंस, हे मला माहीत नव्हतं. सकाळी बर्फाची पेटी उघडली, नळ्या एकेक करून मांडत होते आणि एकीवर तुझं नाव. इतकी गार होती. मी ती तळहातात धरून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "मी लावू का?" मी म्हटलं, नाही, मीच लावते.

यंत्राला वेळ लागतो. मी झोपू न देण्याच्या खोलीत जाऊन बसले. कॉटवर कुणी नव्हतं. आभाळ होतं, त्यामुळे छतावर काही हलत नव्हतं. मी पहिल्यांदाच त्या कॉटवर आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले. मनात म्हटलं, उतरू दे. लगेच म्हटलं, उतरू नको दे. मग माझं मलाच कळेना की मी काय मागतेय.

अकरा आलं.

मॅडमनी माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाल्या, "सुटलात! एमआरआयची गरज नाही, मी तिच्या डॉक्टरांशी बोलते." भोंग्याने सगळे नियम धाब्यावर बसवून हॉलमध्ये जाहीर केलं, "ताईंच्या बहिणीचा नॉर्मल!" ओळख ना पाळख, बसलेले लोक माझ्याकडे बघून हसले. एका आजोबांनी टाळीही वाजवली. मीही हसले, सगळ्यांना थँक्यू म्हटलं, आणि परत त्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

लोकांना अकरा म्हणजे आनंद. मला माहीत आहे अकरा म्हणजे काय ते. तू ते कसं उतरवलंस हेही मला माहीत आहे. दोन महिने रोज अंघोळीला जाऊन तू हात लावला नाहीस. जावईबुवांना कळलं असेल का? कुणाला कळलं असेल? गोळी खाऊन उतरवलं असतंस तर एवढं वाटलं नसतं.

भोंगा रिपोर्ट तुझ्या फोनवर पाठवायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. नॉर्मल हा शब्द तू एकटीने फोनवर वाचावास असं मला वाटत नाही. सगळे तुला अभिनंदन म्हणतील, त्यांचं काही चूक नाही, त्यांना तू बरी हवी होतीस. मलाही हवी होतीस, त्यांच्यापेक्षा जास्त. पण कुणीतरी तुझ्यासमोर बसून रडायलाही हवं ना.

म्हणून रिपोर्ट मी हातानेच घेऊन येतेय, उद्याच्या गाडीने. ठोंब्या बरोबर आहे. तूच म्हणालीस आवरू नकोस, म्हणून त्याला कुठे ठेवला नाही. तुला त्याला घ्यावंसं वाटलं तर घे, जड आहे, कंबर सांभाळून. नाही वाटलं तर तो जिन्यात खेळेल, मी आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ, आणि मी चिडणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. दार उघडलंस की आधी हेच तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडाने मला काही सांगता येणार नाही, मी मला ओळखते. तर ऐक. तुला काहीही झालेलं नाही. दूध संपलंय. ती होती, मी तिला पाहिलंय.

वाचून झालं असेल तर पत्र खाली ठेव. मी समोरच उभी आहे.

ताई